टँकर आधी कुठल्या जिल्ह्याला पाठवायचा?

प्रश्न असा आहे की साथीत ऑक्सिजन, व्हेंटिलेटर असं सामान कमी पडलं तर कुठल्या जिल्ह्याला किती द्यायचं हे कशावर ठरवतात, आणि सरळ लोकसंख्येच्या हिशोबाने वाटून का टाकत नाहीत, म्हणजे भांडणाला जागाच उरणार नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली, आणि कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याचं ऑक्सिजनचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे रोज किती लागणार, किती आलं, कोणाला द्यायचं, शेजारच्याला द्यायचं का, हे सगळं. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल पण नीट सांगते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टनांचा हिशोब करून वाटप केलं की माणसं मरतात. हिशोब तासांचा करायचा. कुठल्या हॉस्पिटलच्या टाकीत किती तासांचा लिक्विड ऑक्सिजन उरलाय आणि तिथे टँकर पोचायला किती तास लागतात, हे दोन आकडे समोर ठेवा आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. ज्याची वजाबाकी सगळ्यात लहान त्याला टँकर आधी. बाकी सगळं, लोकसंख्या, पेशंट किती, बेड किती, पालकमंत्री कोण, हे नंतर.

उदाहरण घेऊ. समजा एका मोठ्या जिल्ह्याकडे १० टन शिल्लक आहे आणि दिवसाला १२ टन लागतंय, म्हणजे २० तासांचा साठा. पुण्याजवळच्या चाकणच्या ऑक्सिजन प्लांटवरून टँकर तिथे ४ तासांत पोचतो. दुसरा लहान जिल्हा, त्याच्याकडे ३ टन आहे, दिवसाला ४ लागतं, म्हणजे १८ तासांचा साठा, पण तिथे टँकर पोचायला १४ तास. कागदावर दोघं सारखेच दिसतात, उलट मोठा जिल्हा तिप्पट मागतोय म्हणून त्याचंच जास्त अडलंय असं वाटतं. पण मोठ्याच्या हातात अजून १६ तास आहेत आणि लहानाच्या हातात फक्त ४. त्या ४ तासांत टँकर तिकडे निघाला नाही तर नंतर तुम्ही त्याला २० टन मंजूर करा, काही उपयोग नाही, तो रस्त्यात असतानाच तिकडची टाकी संपलेली असेल. एवढी साधी गोष्ट पण सुरुवातीचे दहा-बारा दिवस कुणीच अशी मांडत नव्हतं, सगळे टनच बोलत होते.

आता थोडं मापाबद्दल, कारण हे कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. लिक्विड ऑक्सिजन म्हणजे उणे १८३ डिग्रीला पातळ केलेला ऑक्सिजन. एक टन लिक्विडचा साधारण सात-साडेसात लाख लिटर गॅस होतो. आपण ज्याला जम्बो सिलिंडर म्हणतो त्यात ७ हजार लिटर बसतो, म्हणजे एका टनात शंभरेक जम्बो. पेशंटला मास्कवर मिनिटाला १० लिटर चालू असेल तर दिवसाला १४,४०० लिटर, म्हणजे रोज दोन जम्बो. थोडक्यात एका टनात असे पन्नासेक पेशंट एक दिवस निघतात. पण तोच पेशंट हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर गेला आणि ६० लिटरवर पूर्ण ऑक्सिजन लावला तर एकट्याला दिवसाला बारा जम्बो. सहा पेशंटचा ऑक्सिजन एक पेशंट ओढतो. म्हणून "आमच्याकडे ३०० पेशंट आहेत" हे ऐकून काहीच कळत नाही, त्यातले हाय फ्लोवर किती हे विचारल्याशिवाय.

इथेच लोकसंख्येचं आणि बेडचं सूत्र गडबडतं. केंद्राने राज्यांना वाटप करताना जो हिशोब लावला आणि सुप्रीम कोर्टात मांडला तो असा होता की आयसीयूच्या बेडला मिनिटाला २४ लिटर आणि आयसीयू बाहेरच्या बेडना १० लिटर, तेही त्यातल्या निम्म्याच बेडना ऑक्सिजन लागेल असं धरून. सूत्र वाईट नाही, कुठून तरी सुरुवात करावीच लागते आणि सगळ्या राज्यांना एकच माप लावलं हे बरोबरच. पण त्या महिन्यात आमच्या वॉर्डात काय होतं ते सांगते. आयसीयू भरलेलं, म्हणून ज्याला आयसीयू पाहिजे तो साध्या वॉर्डात १५ लिटरच्या मास्कवर, आणि साध्या वॉर्डात निम्मे सोडा, एकही बेड ऑक्सिजनशिवाय नाही, कारण ज्याला ऑक्सिजन नको त्याला आम्ही घेतच नव्हतो, कोविड सेंटरला पाठवत होतो. दिल्लीचं प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा वाद हाच होता, मागणी ७०० टनांची, वाटप ४९० चं, आणि शेवटी ८ मे ला कोर्टाने १२ जणांचा राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला की वाटप कसं करायचं हे शास्त्रीय पद्धतीने ठरवा. तोपर्यंत लाट उतरायला लागली होती.

आणि लोकसंख्या म्हणाल तर पेशंट जिल्ह्याची हद्द बघून आजारी पडत नाही. मिरजेला कर्नाटकातून पेशंट येतात, पिढ्यानपिढ्या येतात. लातूरला बिदरकडून येतात. नागपूरला मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जालना, बीड, बुलढाणा सगळे. मग नागपूरला नागपूरच्या जनगणनेवर ऑक्सिजन दिला तर तो कोणाच्या नाकाशी लावायचा आणि कोणाच्या नाही. आमच्या वॉर्डात एका रात्री मी मोजलं होतं, दर तीन पेशंटमागे एक शेजारच्या जिल्ह्याचा.

महाराष्ट्राची तेव्हाची गोष्ट थोडक्यात अशी. राज्यात दिवसाला साधारण १२०० ते १२५० टन तयार व्हायचा आणि एप्रिलच्या मध्यात गरज दीड हजार टनांच्या वर गेली. मार्चअखेरीस सरकारने ८० टक्के ऑक्सिजन मेडिकलला आणि २० टक्के उद्योगांना असा आदेश काढला, पुढे उद्योगांचा जवळजवळ बंदच झाला. तरी वरचे तीन-साडेतीनशे टन बाहेरून आणणं भाग होतं, आणि बाहेर म्हणजे कुठे, तर भिलाई, विशाखापट्टणम, बेल्लारी, जामनगर. देशात ऑक्सिजन नव्हता असं नाही, तो पूर्वेच्या पोलाद कारखान्यांपाशी होता आणि पेशंट पश्चिमेला आणि दिल्लीत होते, मध्ये होते फक्त टँकर. त्यामुळे खरी टंचाई टँकरची होती. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर धुऊन, व्हॉल्व बदलून ऑक्सिजनला लावले. हवाई दलाने रिकामे टँकर पुण्याहून जामनगरला विमानाने नेले, भरलेला नेता येत नाही म्हणून येताना रस्त्यानेच, पण एका बाजूचे तास तरी वाचले.

पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस सगळ्यांना आठवत असेल. १९ एप्रिलच्या रात्री कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून निघाले विशाखापट्टणमला. बोगदे, पूल, वरची विजेची तार यातून जाईल एवढ्याच उंचीचा टँकर चालणार होता, ३३२० मिलिमीटर, म्हणून टँकर निवडून घ्यावे लागले, आणि घाटातून तसा माल नेता येत नाही म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ अशी वळसा घालून गेली. भरून परत आली तेव्हा २३ ला रात्री नागपूरला तीन टँकर उतरवले आणि २४ ला नाशिकला चार. सगळं मिळून शंभर टनांच्या थोडं वर. आता राज्याच्या दीड हजार टनांत शंभर टन म्हणजे पावणेदोन तासांची गरजसुद्धा नाही. सगळ्या जिल्ह्यांत लोकसंख्येने वाटले असते तर प्रत्येकाला पावणेदोन तास मिळाले असते आणि कुणाचंच काही भागलं नसतं. पण ते नेमके दोन शहरांत उतरवले. नाशिकला तीनच दिवस आधी एका हॉस्पिटलच्या टाकीची गळती होऊन २२ पेशंट गेले होते, दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरचे पेशंट एकामागून एक गेले. त्या गावाला त्या दिवशी टँकर दिसणं किती गरजेचं होतं ते मला वेगळं सांगायला नको.

त्याच आठवड्यात उलटंही झालं. भिलाईच्या प्लांटवरून विदर्भाला येणारा ११० टनांचा पुरवठा कमी करून ६० टनांवर आणला गेला आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला मध्ये पडून तो पूर्ववत करायला सांगावं लागलं. जो टँकर रोज एका ठराविक वेळेला येतो त्यावर हॉस्पिटल पेशंट घेतं, बेड लावतं. तो पुरवठा एका आदेशाने मोडला की खालचं सगळं कोसळतं. म्हणून माझं अगदी ठाम मत आहे, चालू पुरवठा तोडून दुसऱ्याला देऊ नका. जे नवीन येतंय, वाढीव येतंय, त्याचं वाटप करा. आणि तोडायचाच असेल तर समोरच्याला निदान २४ तास आधी कळवा, म्हणजे तो ऑपरेशनं पुढे ढकलेल, हाय फ्लो कमी करेल, पेशंट हलवेल.

पेशंट हलवणं हेही वाटपच आहे, लोक ते विसरतात. मुंबईत १७ एप्रिलला रात्री पालिकेच्या सहा हॉस्पिटलांत ऑक्सिजन कमी पडतोय असं दिसल्यावर १६८ पेशंट रातोरात दुसऱ्या हॉस्पिटलांत नेले. ऑक्सिजन पेशंटकडे येत नसेल तर पेशंट ऑक्सिजनकडे. पण हे मुंबईत जमलं कारण अंतर थोडं, अँब्युलन्स भरपूर, वॉर्डनिहाय वॉर रूम आधीपासून चालू. आमच्याकडे तालुक्याच्या गावातून ८० किलोमीटर १५ लिटरवरचा पेशंट आणायचा म्हणजे अँब्युलन्समधला सिलिंडर पुरेल का हाच प्रश्न. त्यामुळे खेडोपाडी सामान हलवा, शहरात पेशंट हलवा, मी तरी असंच केलं असतं सगळीकडे.

आता खरं अवघड काय ते सांगते. तासांचा हिशोब सोपा आहे पण त्यासाठी आकडे खरे लागतात, आणि भीती असली की माणूस खरा आकडा सांगत नाही. प्रत्येक हॉस्पिटल मागणी फुगवून सांगणार, कारण ५ मागितले तर ३ मिळतात, मग १० मागा. शिल्लक कमी सांगणार. हे लबाडीने करतात असं मी म्हणत नाही, समोर पेशंट तडफडताना बघितलेला डॉक्टर दुसरं काय करेल. पण सगळ्यांनी फुगवलं की ज्याने खरं सांगितलं तो मरतो, आणि पुढच्या वेळी तोही फुगवतो.

त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे फोनवरचा आकडा घ्यायचा बंद. टाकीवर लेव्हलचा गेज असतो, त्याचा काटा दिसेल असा फोटो सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० ला ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर सगळी हॉस्पिटलं, सरकारी खासगी सगळी, आणि कलेक्टर ऑफिस, एफडीएचे औषध निरीक्षक, आरटीओचे एक साहेब. सगळ्यांना सगळ्यांचा काटा दिसतो. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी लोक स्वतःहून लिहायला लागले की आमचा अजून अर्ध्यावर आहे, टँकर आधी त्यांच्याकडे वळवा. हे मी डोळ्यांनी वाचलंय, रात्री पावणेअकराला, आणि मला रडू आलं होतं.

दुसरी गोष्ट, स्वतः जाऊन बघणं. एका खासगी हॉस्पिटलची मागणी पेशंटच्या मानाने दुप्पट वाटत होती. मी आणि एक सिस्टर गेलो. लबाडी काही नव्हती. एका खोलीत पेशंट बाथरूमला गेलेला, मास्क उशीवर पडलेला आणि फ्लो मीटरचा गोळा १५ वर नाचतोय. दुसऱ्या खोलीत पेशंट जेवत होता, मास्क गळ्यात, १० लिटर हवेत. तिसऱ्याचं सॅच्युरेशन ९९ आणि तरी १२ लिटर चालू, कारण कमी केलं तर नातेवाईक ओरडतात. एक जोडणी फुसफुसत होती, साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे. एका फेरीत आम्ही जे बंद केलं, कमी केलं ते लिहून काढलं तर दिवसाला पंचवीसेक जम्बोंचा फरक. मग प्रत्येक वॉर्डला एक ऑक्सिजन नर्स लावली, तिचं काम एवढंच की दर दोन तासांनी फिरायचं आणि सॅच्युरेशन ९२ ते ९५ मध्ये ठेवून फ्लो खाली आणायचा. दुसऱ्या जिल्ह्याकडे मागण्याआधी आपल्या घरातली गळती बघितलीच पाहिजे, नाहीतर मागायला तोंड नसतं.

शेजारच्याला द्यायचं का, यावर एक रात्र सांगते. शेजारच्या जिल्ह्यातला भूलतज्ज्ञ, कॉलेजला माझ्या मागे चार वर्षं होता, त्याचा फोन आला रात्री साडेबाराला. "ताई, टँकर घाटाखाली बंद पडलाय, मॅनिफोल्डला शेवटची रांग लावलीय, दोन-अडीच तास निघतील." मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडर रांगेने जोडून वॉर्डाला ऑक्सिजन देणारी पाइप. मी विचारलं किती पाहिजेत. म्हणाला चाळीस जम्बो द्या, टँकर सकाळी येतो. माझ्याकडे तेव्हा ११ तासांचा साठा होता आणि माझा टँकर चाकणहून निघालेला, साडेपाच तास लांब. वजा केलं तर साडेपाच तास सुटे. चाळीस जम्बो म्हणजे माझे दीड तास. आमच्या वरिष्ठांना उठवलं, ते आधी नको म्हणाले, उद्या आपल्याकडे काही झालं तर लोक आपल्याला फाडून खातील. त्यांचं चुकीचं नव्हतं. मी वहीत आकडे लिहून दाखवले, त्यांनी दोनदा वाचले आणि सही केली. टेम्पो भरायला चौघं पोरं, ड्रायव्हरकाकांनी दिवसभर गाडी चालवलेली, तरी म्हणाले मॅडम मी जातो, रस्ता मला माहितीय. दोन वाजून वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला, पोचले, लावतोय. त्या रात्री त्याच्या वॉर्डात ५८ पेशंट होते.

आठ दिवसांनी आमची वेळ आली, सिलिंडर भरून देणाऱ्या रिफिलरकडची लाइट गेली पाच तास, आणि त्याने न मागता तीस पाठवले.

रिकाम्या सिलिंडरचं पण लक्षात ठेवा. लिक्विड आलं तरी ज्या गावात टाकी नाही तिथे ते सिलिंडरमध्ये भरूनच न्यावं लागतं, आणि आमच्याकडे कितीतरी वेळा रिफिलरकडे लिक्विड होतं पण भरायला रिकामे सिलिंडर नव्हते, कारण लोकांनी घाबरून घरी नेऊन ठेवलेले. कलेक्टर साहेबांनी घरोघरी फोन लावून शंभरावर परत आणवले.

व्हेंटिलेटरचा मामला वेगळा आहे. ऑक्सिजन संपतो, व्हेंटिलेटर परत देता येतो. त्यामुळे तिथे वाटपापेक्षा उसनवारी जास्त चालते, ज्याची लाट आधी आली त्याने वापरायचा आणि उतरली की पुढच्याला. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ओरेगन राज्याने १४० व्हेंटिलेटर न्यूयॉर्कला दिले ते याच हिशोबाने, तिकडे लाट टोकाला होती आणि इकडे अजून यायची होती. पण व्हेंटिलेटरबरोबर तो चालवणारा माणूस, सर्किट, फिल्टर, पुरेसा दाब असलेली ऑक्सिजनची लाइन आणि दुरुस्ती करणारा इंजिनिअर हे सगळं जायला हवं. औरंगाबादला १५० व्हेंटिलेटर आले, त्यातले वापरायला काढलेले ११३ नीट चालत नव्हते आणि प्रकरण हायकोर्टाच्या खंडपीठापुढे गेलं. आणि तालुक्याच्या दवाखान्यात खोक्यातच पडून राहिलेले व्हेंटिलेटर मी स्वतः पाहिलेत, कारण तिथे भूलतज्ज्ञच नाही. ज्या जिल्ह्यात पाच माणसं व्हेंटिलेटर चालवू शकतात तिथे पन्नास मशीन दिली तर वाटपाच्या यादीत पन्नास दिसतात, पेशंटला मात्र मिळत नाहीत. म्हणून व्हेंटिलेटर वाटताना मशीन मोजू नका, रात्रपाळीला हजर असलेले हात मोजा.

कुणी विचारेल की मग हे ठरवायचं कोणी. पेशंट क्रमांक एकला द्यायचं की दोनला, हे बेडपाशी उभ्या डॉक्टरने ठरवावं आणि ते ओझं भयंकर आहे. जिल्हा क्रमांक एकला की दोनला हे डॉक्टरवर टाकू नये, ते राज्याच्या एका ठिकाणी ठरावं, आकडे सगळ्यांना दिसतील अशा पद्धतीने, आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याचा फोन रात्री तीनलाही लागावा. टँकर रस्त्यात अडवून आपल्या जिल्ह्यात वळवण्याचे प्रकार झाले, तेव्हा एका ठिकाणहून पोलिस बंदोबस्त लावला म्हणून टँकर पोचले, नाहीतर जो हायवेवर बसलाय त्यालाच ऑक्सिजन आणि जो गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये बसलाय त्याला काही नाही.

नंदुरबारचं नाव आलं म्हणून सांगते, तिथल्या तेव्हाच्या कलेक्टरांनी, डॉ. राजेंद्र भारूड यांनी, पहिल्या लाटेत, सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्लांट बसवला आणि दुसऱ्या लाटेपर्यंत आणखी वाढवले. लांबच्या जिल्ह्याला हाच खरा उपाय, कारण त्याचे रस्त्याचे तास कुणी कमी करू शकत नाही, मग टँकरवर अवलंबून राहणंच कमी करा. नंतर राज्यभर प्लांट बसले. पण पीएसए बसवला की झालं असं नसतं, त्याला रोजचा ऑपरेटर लागतो, फिल्टर बदलावे लागतात, आतल्या नायट्रोजन शोषणाऱ्या झिओलाइटमध्ये ओल शिरली की प्युरिटी पडते, वीज गेली की बंद, म्हणून जनरेटर हवा. तुमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात ओळखीचं कुणी असेल तर एवढंच विचारा की प्लांट शेवटचा कधी चालवला आणि प्युरिटी किती आली. ९३ टक्क्यांच्या आसपास हवी, ९० च्या खाली असेल तर तो प्लांट धरू नका, तिथला हिशोब अजून टँकरच्या तासांवरच आहे.